नौकेची बॅटरी आणि पावसाळ्याचे दोन महिने : चार्जर कसा निवडावा?

ऑगस्टची पहिली तारीख. दोन महिने शाकारून ठेवलेली नौका पुन्हा पाण्यात उतरलेली आहे. बर्फ भरला, डिझेल भरले, जाळी तयार झाली, खलाशांना उचल देऊन झाली. पहाटे तांडेल किल्ली फिरवतो आणि इंजिनातून फक्त 'कट्‌ कट्‌' असा आवाज येतो. सेल्फ फिरत नाही. मग शेजारच्या नौकेची बॅटरी मागून आणण्याची धावपळ सुरू होते. तोवर ओहोटी लागते, बाकीच्या नौका निघून जातात आणि हंगामाची पहिली फेरी धक्क्यावरच संपते.

मिरकरवाडा असो, हर्णै असो की साखरी नाटे, दरवर्षी कोणा ना कोणावर हा प्रसंग येतो. बंदीनंतरच्या पहिल्या आठवड्यांवर आपल्या व्यावसायिकांचे बरेच हिशेब अवलंबून असतात. बँकेचा हप्ता, सोसायटीचे देणे, मुलांची फी, सारे त्या मासळीवर. ती फेरी एका बॅटरीपायी बुडावी, हे मनाला लागणारे आहे. त्याहून वाईट म्हणजे अर्धमेली बॅटरी धक्क्यावर एकदाची इंजिन चालू करून देते आणि भर समुद्रात दगा देते. तेथे इंजिन बंद पडले की दिवे, वायरलेस, जीपीएस आणि तळातले पाणी उपसणारा पंप, सारे त्याच बॅटरीच्या भरवशावर असते. तेव्हा हा विषय पैशाचा आहे, तसाच जिवाचाही आहे.

म्हणून या वेळी आम्ही या पानावर एकच प्रश्न घेतला आहे. नौका उभी असताना तिच्या बॅटऱ्या जिवंत ठेवण्यासाठी कोणता चार्जर घ्यावा? उत्तर आधीच सांगून ठेवतो : चार्जर बॅटरी किती जोरात भरतो हे पाहण्याआधी, ती भरल्यावर तो काय करतो ते पाहा.

आमच्याच घरचे दोन धडे

हे आम्ही पुस्तकी सांगत नाही. आमच्या घरच्या नौकेवर आम्ही दोन वेळा हात पोळून घेतले आहेत.

पहिल्या वर्षी बॅटऱ्या नौकेवरच राहिल्या. 'इंजिन बंद, दिवे बंद, मग बॅटरीला काय होणार आहे?' असा आमचा समज. जुलैअखेर मीटर लावून पाहिले तर एका बॅटरीत ११.२ व्होल्ट. तिला दोन दिवस चार्जिंगला लावले, पण तिने पूर्वीसारखा जोर पुन्हा धरलाच नाही.

पुढच्या वर्षी शहाणपण म्हणून नवी बॅटरी घेतली. पाणी घालण्याची कटकट नको म्हणून बंद झाकणाची, म्हणजे एसएमएफ. घरात गॅरेजमधला एक जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर पडला होता. दुकानातला वायरमन म्हणाला, "चाचा, लावून ठेवा, काही होत नाही." आम्ही जूनभर लावून ठेवला. जुलैत पाहतो तर बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या. मीटरवर १५.८ व्होल्ट! एक बॅटरी उपासमारीने गेली आणि दुसरी अजीर्णाने. दोष बॅटरीचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

पडून राहिलेली बॅटरी का मरते?

शिशाची बॅटरी ही फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. शिशाच्या प्लेटा पातळ गंधकाम्लात उभ्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्जिंग केले की तो थर विरघळून पुन्हा शिसे आणि आम्ल तयार होते.

अडचण अशी की हा थर ताजा असेपर्यंतच सहज विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे कठीण खडे बनतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. बाजारात 'मेलेली बॅटरी जिवंत करतो' अशा जाहिरातीचे चार्जर मिळतात. थोडा, ताजा थर असेल तर काही फरक पडतोही. पण खडे बनून गेलेल्या बॅटरीला त्यातून नवेपण येत नाही.

आता कोणी विचारील की काहीच जोडलेले नसताना वीज जाते कुठे? एक तर बॅटरी आपोआप उतरते. नवी, चांगली बॅटरी महिन्याला चार-पाच टक्के उतरते. जुनी, पाणी घालण्याची बॅटरी उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. दुसरे म्हणजे चोरवाटा : चालू राहिलेला एखादा छोटा दिवा, जीपीएसची स्मरणशक्ती जपणारी वायर, टर्मिनलवर साचलेला ओलसर खार.

मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर २०१५ सालापासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरवण्यात आली. त्यात नौका वर काढण्याचे आणि उतरवण्याचे दिवस मिळवले तर बॅटरी अडीच महिने सहज पडून राहते. अर्धी उतरलेली बॅटरी एवढे दिवस ठेवणे म्हणजे तिला आपल्या हाताने संपवणे होय.

बॅटरीची प्रकृती पाहण्यास साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. चार्जर काढून आणि काहीही न जोडता चार-सहा तास गेल्यावर मोजावे. १२ व्होल्टच्या बॅटरीचे आकडे साधारण असे :

१२.६ ते १२.७ – पूर्ण भरलेली
१२.४ – पाऊण भरलेली
१२.२ – निम्मी
१२.० – पाव
११.८ किंवा खाली – रिकामी, तातडीने लक्ष द्या

पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटीही पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती कंपनीप्रमाणे १.२४ ते १.२७ च्या दरम्यान असते. पाच खणांत सारखी आणि सहाव्यात फारच कमी आली, तर तो खण गेला असे समजावे. अशा बॅटरीसाठी चार्जर घेण्यात अर्थ नाही.

बाजारातले तीन प्रकारचे चार्जर

पहिला प्रकार साध्या ट्रान्सफॉर्मरचा. लोखंडी पेटी, पुढे अँपिअरचा काटा, दोन चिमटे. हा मजबूत असतो आणि स्वस्तही असतो. पण बॅटरी भरली आहे हे त्याला कळत नाही. तो ढकलतच राहतो. व्होल्टेज १५, १६ पर्यंत चढते, पाणी उकळल्यासारखे बुडबुडते, आटते आणि प्लेटा उघड्या पडतात. समोर बसून दोन-चार तास चार्जिंग करायचे तर तो चालतो. लावून ठेवायला अजिबात नाही.

दुसरा प्रकार 'ट्रिकल' चार्जरचा. हा अर्धा-एक अँपिअरचा बारीक प्रवाह सतत देतो. 'एवढ्याशाने काय होणार?' असे वाटते. पण त्यात व्होल्टेजला मर्यादा नसेल तर महिन्याभरात तो बारीक प्रवाहही लहान बॅटरीला मारक ठरतो. थेंबाथेंबाने हंडा भरतो, तसाच तो वाहूनही जातो.

तिसरा प्रकार स्वयंचलित, टप्प्याटप्प्याने चालणारा. आपल्या कामाचा हाच. त्याचे तीन टप्पे समजून घेतले पाहिजेत.

पहिल्या टप्प्यात तो आपला पूर्ण प्रवाह देतो आणि बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरतो. दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज एका जागी, म्हणजे बहुधा १४.४ ते १४.८ वर धरून ठेवतो. प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि उरलेला भाग भरतो. तिसऱ्या टप्प्यात व्होल्टेज खाली आणून १३.५ च्या आसपास ठेवतो. यालाच 'फ्लोट' म्हणतात. या व्होल्टेजला बॅटरी जेवढी आपोआप उतरते तेवढीच भरली जाते. ती उपाशीही राहत नाही आणि तिला अजीर्णही होत नाही.

पावसाळ्याच्या दोन महिन्यांत खरे काम या तिसऱ्या टप्प्याचे आहे. ज्या चार्जरला फ्लोट नाही, तो कितीही अँपिअरचा असो, या कामासाठी घेऊ नये.

घेण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

१) बॅटरीचा प्रकार. पाणी घालण्याची बॅटरी, बंद झाकणाची एसएमएफ, जेल आणि लिथियम, या चारींची गरज वेगळी आहे. पाण्याच्या बॅटरीला दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.८ चालते. जेलला १४.१-१४.२ च्या वर गेलेले सोसत नाही. एसएमएफचा आकडा बहुधा १४.४ च्या आसपास असतो, पण बॅटरीच्या अंगावर किंवा माहितीपत्रकात कंपनीने दिलेला आकडाच खरा मानावा. चार्जरवर प्रकार निवडण्याचे बटण असेल तर उत्तम. काही चार्जरवर 'इक्वलाइझ' किंवा 'रिकंडिशन' असे बटण असते. त्यात व्होल्टेज १५.५ च्या वर जाते. ते फक्त पाण्याच्या बॅटरीसाठी, तेही जीपीएस व वायरलेसच्या वायरी काढून. एसएमएफवर ते चुकूनही दाबू नये.

लिथियमची गोष्टच वेगळी आहे. तिला तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर लागतो. ती आपोआप फारशी उतरत नाही आणि पूर्ण भरून महिनोन्‌महिने चार्जरवर ठेवणेही तिला मानवत नाही. निम्मी-पाऊण भरून, वायरी काढून ठेवावी आणि अधूनमधून मोजावी.

२) १२ की २४ व्होल्ट? मोठ्या इंजिनांवर १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ केलेले असतात. तेथे २४ व्होल्टचा चार्जर घ्यावा, नाहीतर दोन्ही बॅटऱ्या सोडवून १२ च्या चार्जरने एकेक भरावी. आमच्याकडे सर्रास दिसणारी एक चूक येथे सांगितली पाहिजे. जोडणी २४ ची असते आणि जीपीएस किंवा दिव्यासाठी १२ व्होल्ट त्यातल्या एकाच बॅटरीवरून काढलेले असतात. ती बॅटरी रोज जास्त उतरते. २४ चा चार्जर दोघींना मिळून मोजतो. त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी अतिरेकाने तापते. जोडीतली एकच बॅटरी वारंवार जात असेल तर बहुधा हेच कारण असते. १२ व्होल्टच्या वस्तूंसाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा.

३) अँपिअर किती? बॅटरीच्या एएचच्या १० टक्के हा जुना आणि चांगला नियम आहे. १५० एएचला १५ अँपिअर. समजा ही बॅटरी निम्मी उतरली आहे. ७५ एएच परत भरायचे, पण वाटेत थोडे वाया जाते, म्हणून ८८ च्या आसपास द्यावे लागतात. १५ अँपिअरने हे साधारण सहा तासांचे काम झाले. पण शेवटचा भाग हळू भरतो, म्हणून आठ ते दहा तास धरावेत. मात्र बॅटरी आधी बाहेर पूर्ण भरून आणली असेल आणि नुसती राखायची असेल, तर तिला चार-पाच अँपिअरचा लहान, पण फ्लोट असलेला चार्जरही पुरतो. खिशाला झेपत नसेल तर अँपिअर कमी करावेत, फ्लोट सोडू नये.

४) फ्लोटची खात्री दुकानातच करा. डब्यावर 'ऑटोमॅटिक' छापलेले असते, तेवढ्यावर जाऊ नका. दुकानदाराला भरलेली बॅटरी जोडायला सांगा आणि मल्टिमीटर लावा. व्होल्टेज वर जाऊन मग १३.२ ते १३.८ च्या दरम्यान येऊन थांबले तर चार्जर योग्य. याला वेळ लागतो. दुकानात थांबता येत नसेल तर परत घेण्याच्या अटीवर न्या आणि घरी रात्रभर लावून सकाळी मोजा. सकाळी १४ च्या वरच आकडा दिसला, तर तो चार्जर परत करा.

५) उष्णता. हे सारे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. त्यापुढे दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी लागतात. पावसाळ्यात हा फरक किरकोळ. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश झाले तर तो ०.३ ते ०.४५ पर्यंत जातो आणि एसएमएफला तेवढा पुरतो. तापमान ओळखून व्होल्टेज कमी करणारा चार्जर मिळाल्यास थोडे जास्त पैसे द्यावेत. नाहीतर निदान बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी.

६) घरची लाइन आणि बॅटरी यांच्यात ताटातूट हवी. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि बॅटरीची बाजू पूर्ण वेगळ्या असतात. त्याला 'आयसोलेटेड' म्हणतात. माहितीपत्रकात तो शब्द पाहावा. काही ठिकाणी बल्ब आणि डायोड लावून थेट लाइनवरून बॅटरी भरण्याचा जुगाड आम्ही पाहिला आहे. त्यात बॅटरीचे टर्मिनल म्हणजे उघडी विजेची तारच असते. ओल्या नौकेत, अनवाणी पायांनी त्याला हात लागला तर काय होईल हे सांगायला नको. हा जुगाड कोणीही करू नये. चार्जरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग असलेच पाहिजे.

७) खारी, दमट हवा. चार्जर नौकेवर कायम बसवायचा असेल तर पाणी-धुळीपासून संरक्षण असलेला, आतल्या सर्किटवर लेप दिलेला आणि शक्यतो पंख्याविना चालणारा घ्यावा. पंखा आत खारी हवाच ओढतो. घरात ठेवायचा असेल तर साधा चार्जरही चालतो. नौकेसाठी म्हणून बनवलेल्या महागड्या चार्जरची गरज तेथे नाही.

८) इनपुट व्होल्टेज. किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळ्यात लाइन कधी १७० वर येते, कधी उसळी मारते. म्हणून ज्याची कक्षा रुंद आहे असा चार्जर घ्यावा. वीज जाऊन परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हेही विचारावे. काहींचे बटण पुन्हा दाबावे लागते. ते दाबायला कोणी नसेल तर बॅटरी आठवडाभर तशीच पडून राहते.

आमच्यापैकी अनेकांचे भाऊ-मुलगे आखातात असतात आणि येताना तेथून चार्जर आणतात. वस्तू चांगली असते, पण मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. २३० किंवा २४० व्होल्ट लिहिले असेल तर ठीक. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या चार्जरवर ११५ किंवा १२० असते. तो आपल्या लाइनवर लावताच जळतो. काहींच्या मागे ११५-२३० असा लहान खटका असतो. तो आधी २३० वर करावा.

वीज नसेल तेथे

बॅटरी घरी न्यावी हे उत्तम. पण चाळीस-पन्नास किलोची बॅटरी होडीतून, चिखलातून नेणे प्रत्येकाला जमत नाही. अशा ठिकाणी लहान सोलर पॅनलचा विचार करावा.

हिशेब सोपा आहे. १५० एएचच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे ३०० एएच. महिन्याला १० टक्के उतरतात असे धरले तर ३० एएच, म्हणजे दिवसाला १ एएच, अर्थात १३ वॅट-तासांच्या आसपास. पावसाळी दिवसात पूर्ण उन्हाचा एकच तास मिळतो असे कडक गृहीत धरू. २० वॅटचा पॅनल २० वॅट-तास देईल, पण वाटेतली गळती जाता काठावर पास होईल. ४० वॅटचा घेतला तर चिंता नाही. आठवडाभर सूर्य दिसला नाही तरी पुढच्या उघडिपीत भरून निघते. मात्र उतरलेली बॅटरी भरण्याचे काम या पॅनलकडून होणार नाही. त्याने फक्त भरलेली राखायची.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टचा म्हणून मिळणारा पॅनल मोकळा असताना २१-२२ व्होल्ट दाखवतो. थेट जोडला तर उघडिपीच्या दिवसांत तीच अजीर्णाची गोष्ट, आणि काही पॅनल रात्री उलट बॅटरी उतरवतात. २४ च्या जोडीला त्याच व्होल्टेजचा पॅनल व कंट्रोलर लागतो. पॅनल शाकारणीच्या बाहेर, वाऱ्याने न उडेल असा पक्का बांधावा.

वेळापत्रक

मेअखेर नौका वर काढली की प्रथम बॅटरी पूर्ण भरावी. भरण्यापूर्वी पाणी प्लेटांच्या वर आहे ना एवढेच पाहावे. वरपर्यंत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालावे. आधी घातले तर चार्जिंगमध्ये ते वर येऊन आम्लासकट बाहेर सांडते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी कधीही घालू नये.

दोन्ही वायरी काढाव्यात, निगेटिव्ह आधी. टर्मिनल सोड्याच्या पाण्याने पुसावेत, पण सोडा झाकणाच्या भोकातून आत जाऊ देऊ नये. कोरडे करून व्हॅसलीन लावावे. 'बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते' असे जुने लोक म्हणतात. जुन्या काळच्या रबरी किंवा लाकडी खोक्यांबाबत ते खरे होते. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्यांना ती भीती नाही. तरी ओल लागू नये म्हणून फळी घालावी हे बरे.

फ्लोटचा चार्जर लावला असला तरी दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारावी. व्होल्टेज मोजावे, पाणी पाहावे, बॅटरीला हात लावून ती गरम नाही ना हे पाहावे आणि आकडे वहीत लिहावेत. ज्यांना नवा चार्जर घेणे शक्य नाही, त्यांनी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरवर पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन तास बॅटरी लावावी, समोर बसून, मीटर लावून. १४.४ झाले की काढावी. कष्ट जास्त, पण बॅटरी वाचते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बॅटरी नौकेवर चढवून इंजिन चालू करून पाहावे. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली कोसळत असेल तर ती बॅटरी आताच बदलावी. पहिल्या फेरीच्या पहाटे हा शोध लागू नये.

जपून

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बंद केबिनमध्ये किंवा झोपण्याच्या खोलीत चार्जिंग करू नये. जवळ विडी-सिगारेट नको. आधी चिमटे लावावेत, मग लाइन चालू करावी. काढताना आधी लाइन बंद, मग चिमटे. हा क्रम घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवावा. आम्ल डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून तडक डॉक्टरांकडे जावे.

शेवटी हिशेब

चार्जरवर पैसे घालावेत की नाही, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. समजा बॅटरीची जोडी ३० हजारांची आहे आणि निष्काळजीपणात ती तीन वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला दहा हजार. नीट राखून तीच चार वर्षे टिकली तर वर्षाला साडेसात हजार. वाचले अडीच हजार. चार्जर सहा हजारांचा असेल तर अडीच वर्षांत त्याची किंमत वसूल, पुढे निव्वळ बचत. विजेचे म्हणाल तर फ्लोटवर १० वॅट ओढणारा चार्जर दोन महिन्यांत १४-१५ युनिट खातो. आपापल्या गावचे खरे भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. आणि यात बुडालेली एक फेरी आम्ही धरलेलीच नाही.

आपल्या व्यवसायात जाळ्यावर, इंजिनावर, रंगावर हजारो रुपये खर्च होतात, कारण ती डोळ्यांना दिसतात. बॅटरी कोपऱ्यात, अंधारात असते आणि तिची आठवण ती मेल्यावरच येते. यंदा नौका वर काढाल, तेव्हा रंगाच्या डब्यासोबत यादीत एक मल्टिमीटर आणि फ्लोट असलेला एक चार्जर लिहून ठेवा. ऑगस्टच्या पहाटे किल्ली फिरवताना त्याची किंमत कळेल.